चतकोर गोळी

केसपेपरवर माझं नाव आहे, वय आहे आणि खाली इंग्रजीत तीन ओळी. त्या तीन ओळी नऊ वर्षं मला कुणी वाचून दाखवल्या नाहीत. मी बी.ए. झालेली बाई. इंग्रजी येतं. पण कागद हातात राहू द्यायचेच नाहीत, या टेबलावरून त्या टेबलावर. 2022 साली कायद्याचं कलम लिहून अर्ज टाकला तेव्हा फाइल मिळाली. तिच्यात लिहिलं होतं, या बाईला वाटतं की ऑफिसातले लोक तिच्याशी जातीवरून वागतात. त्याच्याच शेजारी लिहिलं होतं, बाईला आवाज ऐकू येतात. खाली निदान.

आता ऐका. ऑफिसात माझा ग्लास वेगळा होता. हे मला वाटत नव्हतं. ग्लासाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता, ओळखू यावा म्हणून. आणि दुसरंही तितकंच खरं. 2013 च्या पावसाळ्यात आमच्या पोटमाळ्यावरून बायका मला रात्रभर जातीवरून शिव्या घालायच्या, आणि पोटमाळ्यावर ट्रंका सोडून काही नव्हतं. ग्लास खरा होता. माळा आजार होता. डॉक्टरनं दोन्ही एकाच ओळीत बसवलं आणि गोळी दिली.

पुढचं सगळं ह्या ग्लास-माळ्यावर आहे म्हणून आधी सांगितलं. मी ती गोळी कमी करतेय. चौथं वर्ष चालू आहे. आपल्यातली कितीतरी पोरंपोरी ह्या गोळ्या खातात आणि चोरून खातात. एका मोर्चात माझ्या बाजूला घोषणा देणाऱ्या पोरीच्या पिशवीत माझीच गोळी निघाली. तिनं पाकीट आत दाबलं, मीही दुसरीकडं बघितलं. म्हणून लिहिते.

गोळीचं नाव रिस्पेरिडॉन. मला मिळायची ती जोडगोळी. तिच्यात ट्रायहेक्सीफेनिडिल मिसळलेलं. पहिलं औषध मेंदूत डोपामिनच्या जागा अडवून बसतं. त्यानं हातपाय ताठतात, थरथरतात, म्हणून दुसरं. ह्या जातीची पहिली गोळी क्लोरप्रोमाझीन, 1952 साली पॅरिसच्या वेड्यांच्या इस्पितळात वापरली. त्याच्या आधी काय होतं? साखळ्या, थंड पाणी, आणि आपल्याकडं 'ठाण्याला टाका'. म्हणून गोळीला मी शिव्या देणार नाही. तीन आठवड्यांत तिनं माळ्यावरच्या बायकांची तोंडं बंद केली. माझी मावशी म्हणत होती, बाहेरचं आहे, भगताकडं न्या. आई म्हणाली, "बाबासाहेबांनी त्यातून सोडवलं, परत नाय जायचं." आणि ओपीडीच्या लायनीत पहाटे पाचला जाऊन बसली.

पण गोळीनं पाळी बंद झाली. पुढं छातीतून दूध यायला लागलं. लग्न न झालेल्या पोरीला दूध येतं म्हटल्यावर चाळीत काय होतं ते मी सांगत बसत नाही. ही गोळी प्रोलॅक्टिन वाढवते, त्यानं असं होतं, ही माहिती डॉक्टरांच्या पुस्तकात छापलेली आहे. मला कुणी बोललं नाही. विचारलं तर म्हणाले, "होतं असं." आवाज बंद झाले ना, मग गप्प बस, असा एकूण भाव.

मग 2020. मार्चच्या 25 तारखेपासून टाळेबंदी. प्रभादेवी-वरळीचा आमचा जी-साउथ वॉर्ड त्या एप्रिलात मुंबईत सगळ्यात पुढं. गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेले. दवाखान्यात गोळी संपली होती. बाहेर घ्या म्हणाले. बाहेरच्या दुकानात नव्हती, आणि दादाची नोकरी गेलेली. अकरा दिवस मी गोळीशिवाय होते.

तिसऱ्या दिवशी उलट्या. घामानं गादी ओली. झोप गेली ती गेलीच. आणि पाय. पायांचं कसं सांगू? हाडांच्या आत मुंग्या सोडल्यासारखं. बसवत नाही, उभं राहवत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, आणि मी मोरीपासून दारापर्यंत चार पावलं, दारापासून मोरीपर्यंत चार पावलं, रात्रभर. 14 एप्रिलला लोकांनी घरातच बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, मला उदबत्तीच्या वासानं ओकारी आली. ह्या अकरा दिवसांत माळ्यावरून एकही आवाज आला नाही. मी कान देऊन ऐकत होते, नव्हता.

फोनवर डॉक्टर मिळाले. झोप नाही, बेचैनी आहे, एवढं ऐकलं आणि म्हणाले, आजार उलटला. चारची सहा मिलिग्रॅम केली. आवाज आहेत का, हे विचारलं नाही.

गोळी सुटताना अंगाचा जो उठाव होतो त्याला आजार म्हणायचं, आणि मग गोळी वाढवायची. अशानं गोळी जन्मात सुटत नाही. आमच्या खालच्या खोलीतले आजोबा गिरणीत रिंग खात्यात होते. आपल्या माणसांना विणाईखात्यात घ्यायचे नाहीत, तुटला धागा तोंडानं ओढावा लागतो म्हणून. विटाळ. तर आजोबा म्हणाले, "पोरी, लाइट गेली न् मशीन अचानक थांबलं की धागे तुटतात. त्यात सुताचा काय दोष?" सबंध टाळेबंदीत मला कळेलसं एवढंच वाक्य ऐकू आलं.

दुसऱ्या बाजूनं आपले मित्र. एक जण, नाव घेत नाही, चळवळीतला जुना माणूस, म्हणाला, "ही कंपन्यांची गुलामी. फेकून दे गटारात. बुद्धिवादी माणसाला मनाची गोळी लागते?" बाबासाहेबांना मधुमेह होता, इन्सुलिन घ्यायचे. ते कुणाचे गुलाम झाले? असल्या भाषणांनी पोरं मरतील. स्पष्ट लिहिते. गोळी एकदम फेकली तर अंग तर उठतंच, पण दाबलेला आजारही दुप्पट जोरानं येऊ शकतो.

2022 साली दुसरी डॉक्टरीणबाई भेटली. तिनं वहीवर रेघ काढून दाखवली. सहा मिलिग्रॅमवर डोपामिनच्या साधारण 80 टक्के जागा अडतात. दोनवर आलं तरी 65 च्या आसपास अडलेल्याच. म्हणजे सहावरून दोनपर्यंत उतार सपाट, आणि शेवटच्या दोनात कडा. लोक वरून भराभर उतरतात, सोपं वाटतं, आणि शेवटच्या अर्ध्या गोळीला कोसळतात. म्हणून दर वेळी एकेक मिलिग्रॅम काढायचा नाही, उरलेल्याचा हिस्सा काढायचा. चतकोर. लंडनच्या मार्क हॉरोविट्झ आणि त्याच्या सोबत्यांनी 2021 साली हा हिशेब 'स्किझोफ्रेनिया बुलेटिन'मध्ये मांडला. चालू डोसाचा चतकोर ते निम्मा हिस्सा, आणि मध्ये तीन ते सहा महिने थांबायचं. हॉरोविट्झ स्वतः नैराश्याच्या गोळ्या कमी करताना होरपळलेला डॉक्टर आहे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

बाईनं आधी जोडगोळी फोडली. दोन औषधं वेगळी लिहून दिली. जोडगोळीचा तुकडा पाडला तर दोन्ही एकदम घटतात, आणि उलट्या-घाम कुणामुळं ते समजत नाही. पुढं गोळी हातानं नीट तुटेना तेव्हा पातळ औषध, मिलिलिटरला एक मिलिग्रॅम, बिनसुईच्या सिरिंजनं मोजून.

प्रत्येक कपातीनंतर दोन-तीन आठवडे वाईट जातात. पहाटे चारला उठून मी चालते. खेड गल्लीतून कीर्ती कॉलेजच्या बाजूनं समुद्रावर, किनाऱ्यानं चैत्यभूमी, आणि परत. पाय चालले की मुंग्या बसतात. चहा दुपारनंतर बंद. भीषण स्वप्नं पडतात ती आईला सांगून टाकते, ती "हं" म्हणते आणि तांदूळ निवडते. त्या काळात मी नवीन काम घेत नाही, भांडण उकरत नाही.

आणि वही. वहीत तीन रकाने केलेत: गोळी, माळा, ग्लास. कपातीनंतर काही दिवसांत अंगातून उठतं आणि आठवड्यागणिक उतरतं ते गोळीच्या खाली. त्याला शब्द नसतात, घाम असतो. माळा बोलतो. जुनेच शब्द बोलतो, आणि दिवसागणिक वाढतो. ग्लासाला तारीख असते, जागा असते, आणि दुसऱ्या कुणीतरी तो बघितलेला असतो. तिन्ही कधीकधी एकमेकांत घुसतात. चार रात्री झोप नसली की ठिपका एवढा मोठा होतो की त्यातून माळा बोलायला लागेल असं वाटतं. तेव्हा मी निकाल देत नाही. तिन्ही रकान्यांवर प्रश्नचिन्ह, आणि डॉक्टरीणबाईला फोन.

2024 साली एका टॉवरमध्ये शिकवणीला जायचे. गिरणी पाडून बांधलेला टॉवर. वॉचमननं मला सामानाची लिफ्ट दाखवली. माझ्यासोबतची दुसरी शिक्षिका, आडनाव वरचं, ती पुढच्या लिफ्टनं गेली. मी त्या रात्री झोपले नाही, ओरडले, भांडं फेकलं. दादा घाबरला. "गोळी वाढव," म्हणाला. मी वही काढली. शेवटच्या कपातीला चार महिने झालेले. घाम नाही, पाय शांत, माळा गप्प. दुसऱ्या शिक्षिकेला फोन लावला, तिनंही बघितलं होतं, कबूल केलं. ग्लास! मग दादालाच समोर बसवून सोसायटीला तक्रारीचा कागद लिहायला लावला. त्याचं अक्षर चांगलं आहे. माणसाला राग आला की तो आजारी, हा नियम आपल्याच लोकांना का लागतो, ह्यावर वेगळं लिहीन.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर हा लेख कुणाच्या तरी जिवावर बेतेल. इंग्लंडात ह्यावर चाचणी झाली, 253 माणसं, निकाल 2023 साली आला. सावकाश गोळी कमी करणाऱ्यांत 25 टक्क्यांना आजार जोरात उलटला, चालू ठेवणाऱ्यांत 13 टक्क्यांना. दोन वर्षांनी लोकांत मिसळणं, कामधंदा ह्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे गोळी सोडली की माणूस उजळतो, ही थाप आहे. काहींना ती जन्मभर लागेल, आणि त्यात लाज नाही. माझं कारण पाळी होतं, दूध होतं. ती 2024 च्या दिवाळीनंतर परत आली. आईनं शेजारणींना सांगितलं, पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 पासून लागू आहे. पोरांनी तो विहारात मोठ्यानं वाचावा. कलम 18 सांगतं, आवश्यक यादीतली औषधं सरकारी दवाखान्यात सदासर्वकाळ फुकट हवीत. 'संपली, बाहेर घ्या' हे उत्तर बेकायदा आहे. कलम 22, औषधाचे दुष्परिणाम रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगायचे. कलम 25, केसपेपर बघायचा हक्क. आणि स्वतःचा प्रतिनिधी नेमता येतो. मी दादाला नेमलं नाही, मैत्रिणीला नेमलं. तिला तीन खुणा लिहून दिल्यात: मी खिडक्या लावून बसले, ट्रंकांकडं बघायला लागले, जेवणाचा वास घेऊन ताट सरकवलं, तर विचारत बसू नको, बाईकडं घेऊन चल.

पटाचारा आठवते. नवरा, दोन पोरं, आईबाप एका झटक्यात गेले आणि ती श्रावस्तीत उघडी फिरत होती. लोक धूळ फेकत होते. बुद्धानं तिला जवळ येऊ दिलं, कुणीतरी अंगावर चादर टाकली, मग तो बोलला. मला त्या चादरवाल्याचं नाव हवं होतं. ते कुठं मिळत नाही.

सध्या मी एक मिलिग्रॅमवर थांबलेय. पुढची कपात पाऊण मिलिलिटरवर. बाई म्हणाली मार्चमध्ये करू, मी म्हटलं नको, मे उजाडू द्या. एप्रिलभर आमच्या नाक्यावर डीजे असतो, पहाटेपर्यंत, आणि तो बंद करा म्हणायला मीच जाणार नाही.