पाचोळ्यातली पाल

प्रिय वहिनी,


ओट्यामागे पाल दिसली की तू अजूनही स्वयंपाकघर सोडून पळतेस, असं दादा म्हणाला. म्हणून मुद्दाम हे लिहितेय. इथे ॲमेझॉनमध्ये मनाउस शहराला लागून डुके नावाचं राखीव जंगल आहे, दहा किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद. तिथल्या पाचोळ्यात एक पाल राहते. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटर! आपल्या पालीसारख्या रुंद गाद्या तिच्या बोटांना नाहीत, त्यामुळे ती छतावरून अंगावर पडायची आणि आपण पंचांगात पल्लीपतनाचं फळ शोधायचं, ही भीती नाही. ती हिंडते दिवसा, तीही जमिनीवरच. स्प्रिंगटेल, कोळीकीड, बारकी वाळवी असलं खाते.

मला वाटायचं, एवढ्याशा जिवाला लपायला कुठेही जागा, खायला कितीसं लागणार, म्हणजे मजाच. पण तिचं सगळं अडतं ते पाण्यापाशी. अंगाची लांबी निम्मी झाली की वजन आठव्या हिश्शावर येतं, कातडी मात्र चौथ्याच हिश्शावर. म्हणजे वजनाच्या मानाने कातडी फार, आणि तिच्यातून ओल उडून जायला वेळ लागत नाही. त्यामुळे सरड्यासारखं उन्हात शेकत बसणं तिला परवडत नाही, दाट सावलीतला ओला पाचोळाच हवा. वरची झाडं तोडली की ऊन थेट जमिनीवर येतं आणि पाचोळा कुरकुरीत होतो. तिला हात न लावताही तिचं घर असं मोडता येतं.

उलट, पाऊस आला की पाणी जास्तीचं. ॲमेझॉनचा पाऊस तुला काय सांगू! त्यावर तिची कातडी अशी, की पाणी तिला भिजवतच नाही. अळवाच्या पानावरून ओघळावं तसे थेंब घरंगळतात, आणि डबक्यात पडलीच तर ती तरंगते.

अंडं एका खेपेला एकच. एवढ्याशा पोटात दुसरं मावणार तरी कुठे?

शास्त्रात हिची नोंद १९१८ सालची. २०११मध्ये तिला चाटोगेको हे स्वतंत्र वंशनाव मिळालं. दिसायला सगळीकडच्या सारख्याच, पण डीएनए तपासल्यावर ॲमेझॉनच्या निरनिराळ्या भागांतल्या पाली एकमेकींपासून फार पूर्वीच फुटलेल्या निघाल्या. एका नावाखाली तीन-चार जाती नांदत असतील, असा माझा आपला अंदाज. दादाला हे वाचून दाखव, आणि ओट्यामागचीला झाडू मारू नकोस.

तुझी,
मंजू