आलापल्लीच्या चौकातून

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या चौकातून वाटा फुटतात त्या आष्टीकडे, अहेरीकडे, सिरोंच्याकडे आणि भामरागडकडे. सागवानाचे ओंडके लादलेले ट्रक इथूनच वळतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना लागलेलं सागवान याच मुलखातलं. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून ते निघालं तेव्हा आधी त्याची पूजा झाली, मग चंद्रपूरपर्यंत शोभायात्रा. जन्मभर लाकूड तोडलेल्या, वाहिलेल्या, मोजलेल्या माणसांचा मुलूख लाकडापुढे हात जोडून उभा होता.

प्रवासी मात्र इथे येतो तो जंगलासाठी. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हा जुन्या सागाचा राखलेला पट्टा २०१४ मध्ये राज्याने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. मान मागे टाकून उंचच उंच झाडं बघायची, फोटो काढायचे आणि परत फिरायचं, असा त्याचा बेत असतो. तो नवरात्रात आला तर हा बेत पहिल्याच संध्याकाळी मोडतो.

कारण सर्वपित्री अमावास्येपासून अहेरी, आलापल्ली, सिरोंचा भागातल्या तेलुगूभाषक घरांत बतुकम्मा सुरू झालेली असते. दुपारी अंगणात फुलांचे ढीग पडतात: रानातून आणलेले कुरडूचे तुरे, तरवडाची पिवळी फुलं, झेंडू, भोपळ्याची फुलं. परातीत पानं अंथरून बाया फुलांचे थरावर थर चढवत जातात. पोकळी राहू नये म्हणून मध्ये पानांचा चुरा दाबतात. खालचा घेर मोठा, वर निमुळता. मंदिराचं शिखर होतं. कुरडूचा तुरा मूळचा पांढरट-गुलाबी, तो रंगात बुडवला की शिखराला हवा तसा पट्टा मिळतो. टोकाला हळदीची गौरम्मा बसते. तिन्हीसांजेला सगळ्या गल्लीची शिखरं एकत्र मांडली जातात आणि भोवती बायांचा फेर सुरू होतो. टाळी, एक पाऊल पुढे, वाकणं, पुन्हा टाळी. ना ढोल लागतो ना पेटी. नवव्या दिवशी ही सगळी फुलं डोक्यावरून पाण्याकडे निघतात. भोंडल्याच्या हत्तीभोवती फेर धरलेली पुण्या-नाशिककडची पाहुणी इथे फार वेळ कडेला उभी राहू शकत नाही. ‘ये अक्का’ म्हणून कुणीतरी हात धरतंच.

त्याच दिवसांत मुलचेरा तालुक्यातल्या बंगाली वस्त्यांत दुर्गापूजा चालू असते. पूर्व पाकिस्तानातून आलेली ही निर्वासित कुटुंबं १९६०च्या दशकात इथे वसवली गेली. धान आणि मासळी त्यांना परकी नव्हती. देवी त्यांनी बरोबर आणली. एसटीने काही तासांच्या अंतरात प्रवासी गौरम्मेच्या फेरातून निघून ढाक या वाद्याच्या तालावर जाऊन पोचतो. आणि दसऱ्याला अहेरी गाठली की तिसराच थाट. आत्राम राजघराण्याच्या या गावात दसरा अजूनही राजवाड्याचा सण आहे. दूरदूरच्या पाड्यांवरून माणसं येतात, पालखी निघते, मिरवणूक गडअहेरीच्या देवीकडे जाते. संस्थानं, जमीनदाऱ्या कागदावरून केव्हाच गेल्या. पण राजाला भेटल्याशिवाय दसरा झाला असं इथल्या म्हाताऱ्यांना वाटत नाही.

हे सगळं मुलखातल्या मुलखात घडतं, कारण पावसाळा जेमतेम सरलेला असतो. पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. अशा दिवसांत लांबच्या यात्रेचं नाव कोण काढणार? नद्यांची पात्रं उघडी पडली, धान घरात आलं की मग पाय मोकळे होतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या हा झाडीपट्टीचा मुलूख पालथा घालतात. नाटक रात्री उशिरा उघडतं आणि पहाटे संपतं. थंडीत घोंगडी पांघरून आख्खं कुटुंब ते बघतं. मंडईला आलेल्या सोयऱ्यांना तेवढ्याचसाठी ठेवून घेतलेलं असतं.

सगळ्यात मोठी गर्दी महाशिवरात्रीची. आष्टीवरून पुढे चामोर्शी तालुक्यात मार्कंडा. मध्य प्रदेशातून दक्षिणेकडे वाहत आलेली वैनगंगा इथे उत्तरेकडे वळण घेते, आणि त्या वळणावर मध्ययुगातल्या कोरीव मंदिरांचा समूह उभा आहे. १८७०च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी ही मंदिरं पाहून त्यांची नोंद केली. यात्रेकरूला कनिंगहॅमशी कर्तव्य नसतं. भल्या पहाटे थंडगार पाण्यात बुडी, ओल्या कपड्यांनी रांग, बेल, पाण्याचा तांब्या. दर्शन आटोपलं की खरी यात्रा नदीच्या वाळवंटात. पाळणे, बांगड्या, विळे, कढया, लहानग्यांच्या पिपाण्या. उपास असणाऱ्यांना उकडलेली रताळी, नसणाऱ्यांना जिलेबी. शिल्पं बघायला आलेला प्रवासी मान वर करून चालतो आणि वाळूत मांडलेल्या तव्यांना अडखळतो. विकणारी त्याला हसत विचारते, ‘तवा पायजे का, साहेब?’

मार्कंड्याची कथा सगळ्यांना पाठ आहे. सोळा वर्षांचं आयुष्य घेऊन आलेला मार्कंडेय पिंडीला मिठी मारतो, यम पाश टाकतो, शंकर यमाला परतवतो. पण नदीबरोबर खाली गेलं की गोष्ट पुढे सरकते. चपराळ्याजवळ वैनगंगेला वर्धा मिळते, तिथून तिचं नाव प्राणहिता. महाराष्ट्र-तेलंगणाची हद्द आखत ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. समोरच्या तीरावर तेलंगणातलं कालेश्वर. तिथल्या गाभाऱ्यात एकाच पीठावर दोन लिंगं आहेत: एक यमाचं, दुसरं मुक्तेश्वर शंकराचं. आधी यमाची पूजा, मग शंकराची, अशी तिथली रीत. मुक्तेश्वराच्या लिंगाला छिद्रं आहेत. त्यात ओतलेलं पाणी जमिनीखालून थेट संगमावर जातं, असं भाविक सांगतात. वर ज्याला परतवलं, त्यालाच खाली शेजारी बसवून पहिला मान दिला. मार्कंड्याची यात्रा करून जो कालेश्वरला जात नाही, त्याच्या हाती अर्धीच गोष्ट लागते.

पूल नव्हते तेव्हा सिरोंच्याची माणसं नावेतून पलीकडे जात. आता गाड्या जातात, आणि हद्दीची पाटी आली-गेली तरी गाडीतल्या गप्पा तेलुगूतून मराठीत नि मराठीतून तेलुगूत सहज जा-ये करतात. तेलंगणातल्या मेडारमच्या सम्मक्का-सारक्का जत्रेलाही इकडून माणसं जातात. दोन वर्षांनी, माघात भरणारी ती आदिवासी जत्रा. तिथे नवस फेडायचा तो गुळाने, तोही कित्येकदा स्वतःच्या वजनाइतका. त्या गुळाला तिथे सोनंच म्हणतात. या देवी राजाशी लढलेल्या आई-लेकी. अहेरीत राजाच्या पालखीमागे चाललेला माणूस मेडारमला राजाविरुद्ध लढलेल्या बायांपुढे गूळ ठेवतो आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही.

पुष्कर हे नदीस्नानाचं पर्व मात्र कुणाच्या शेतीची, पावसाची सोय बघत नाही. त्याची वेळ गुरू ग्रह ठरवतो. गुरू मीन राशीत आला की प्राणहितेचा पुष्कर: एप्रिल २०२२ मध्ये तो बारा दिवस चालला आणि सिरोंच्याच्या घाटांवर दोन्ही राज्यांतली गर्दी उतरली. गुरू सिंहेत गेला की गोदावरीचा. १४ जुलै २०१५ रोजी नाशिकला सिंहस्थाचं ध्वजारोहण झालं, त्याच दिवशी इकडे गोदावरी पुष्कराला सुरुवात झाली. नदी एक, ग्रह एक, मुहूर्त एक. पण मराठी वर्तमानपत्रांची पानं भरली ती नाशिकने. २०२७ मध्ये गुरू पुन्हा सिंहेत येतोय. नाशिकमध्ये तेव्हा हॉटेलं सहा-सहा महिने आधी भरतील. सिरोंच्याला हॉटेलं मोजकीच, त्यामुळे प्रवाशाने मुक्काम आलापल्लीत ठेवावा, पहाटेची बस धरावी आणि छत्री विसरू नये. ते दिवस ऐन पावसाचे असतील.