खोली भाड्याने देणे आहे

नऊ वर्षे चांदूर बाजारच्या एका विनाअनुदानित उर्दू शाळेत मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. पगार कधी व्हायचा, कधी नाही. २०२४ साली पवित्र पोर्टलवर निवड झाली आणि अकोल्याची एक अनुदानित उर्दू शाळा मिळाली. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे दरमहा १८ हजार रुपये मानधन. अम्मीने शुक्रान्याची नमाज अदा केली. मुलीच्या अब्बांचा संत्र्याचा धंदा. बहार आला की मालाच्या खोक्यांतून त्यांना मान वर करायला फुरसत नसते. ते गाव सोडू शकत नव्हते. तेव्हा ठरले की आठ वर्षांच्या मुलीला घेऊन मी अकोल्याला राहायचे आणि त्यांनी शनिवारी-रविवारी यायचे. आपल्याकडच्या शाळा जून संपता संपता उघडतात. त्याआधी खोली पाहून ठेवणे भाग होते.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अर्ध्या तिकिटावर एसटीने अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर करीत अकोल्याला पोचले. उन्हामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी त्या आठवड्यात जिल्ह्यात कलम १४४ लावले होते. पारा ४५ च्या वर. जमावबंदीची कलमे आजवर दंग्यासाठी ऐकली होती, ऊन थांबवायला पहिल्यांदाच पाहिली. उतरले अकोट फाईलमध्ये, फुफीकडे. तिच्या दोन खोल्यांत आधीच सात माणसे होती, त्यामुळे तिथे कायमचे राहण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच निघाले. शाळेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर एका फाटकाला पाटी होती, ‘खोली भाड्याने देणे आहे’. काका अंगणात पाणी मारत होते. चांदूर बाजार म्हटल्यावर खूश झाले. बहिरमच्या जत्रेची आठवण निघाली, हंडीतल्या मटणाची निघाली. यंदा संत्र्याला भाव काय, तेही विचारून झाले. खोली स्वच्छ, मोरी वेगळी, भाडे साडेतीन हजार. मी अॅडव्हान्स काढायला पर्स उघडली.

“नाव काय म्हनलं तुमचं?”

मी नाव सांगितले. काकांनी हातातला पाइप बंद केला.

“तुमाले सांगतो म्याडम, आमाले काही नाही. पन माय म्हातारी हाये. तिले नाही चालनार.”

म्हातारी मला दिसली नाही. घरात असेलही. त्या दिवशी पाच घरे पाहिली. कुठे म्हातारी आई होती, कुठे देवघर, कुठे पुतण्या परवाच खोली मागून गेला होता. कोणी वाकडे बोलले नाही. दोघांनी पाणी पाजले. मला राग यायला हवा होता, पण पाणी प्यायल्यावर रागही नीट येत नाही.

संध्याकाळी एका दलालाने उपाय सांगितला. आपल्या वऱ्हाडात मुसलमानांतही पटेल आहेत, देशमुख आहेत. आमचे आडनाव देशमुख. तो म्हणाला, “फोनवर देशमुख म्याडम एवढंच सांगतो. तुमची बोली तर आमच्यासारखीच हाये. सामान येऊन पडलं की कोन काय म्हन्ते?” मी हो म्हटले. आज लिहिताना हात अडखळतो, पण हो म्हटले.

तिसऱ्या दिवशी त्या घरी गेले तेव्हा डोक्यावरची ओढणी खांद्यावर घेतली होती. घरच्या काकूंनी पन्हे दिले. पोरीच्या शाळेची चौकशी केली. एवढ्यात मुलीचा फोन आला. एरवी मी ‘जी बेटा’ म्हणते. त्या दिवशी तोंडातून निघाले, “हो बाळा, बोल.” पलीकडे ती गप्प झाली. मग म्हणाली, “अम्मी, तुम ऐसे काय को बोल रहे?”

तिला काय उत्तर द्यावे ते सुचेना. फोन ठेवला आणि काकूंना पूर्ण नाव सांगितले. त्या बराच वेळ ग्लासाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “पहिलेच सांगाचं होतं न बाई. नावासाठी नाही म्हनलं असतं का हो म्हनलं असतं, मले माहीत नाही. पन आता लपवलं म्हनून नाही म्हन्तो.”

आजवर मिळालेल्या नकारांत हाच नकार मला खरा वाटतो. हो किंवा नाही म्हणण्याची संधी मीच त्यांच्याकडून काढून घेतली होती.

मी दरवर्षी वर्गात सांगते की अमेरिकेतून आणि इंग्लंडमधून शिकून १९१७ मध्ये परतलेल्या डॉ. आंबेडकरांना बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा नव्हती. शेवटी पारशी नाव लावून ते पारशांच्या सराईत राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. त्यांच्या दुःखाशी माझ्या तीन दिवसांची बरोबरी करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. मला जवळ एक शहर होते, फुफी होती, परतीची एसटी होती. पण दुसऱ्याच्या नावाने घेतलेल्या छपराखाली झोप कशी लागत असेल, ते मला त्या दिवशी पन्ह्याच्या ग्लासाशी थोडेसे कळले.

राज्यघटनेचे कलम १५ मी उर्दूत शिकवते, मुले ते पाठ म्हणतात. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरास कुणाला मनाई करता येणार नाही. त्या यादीत भाड्याची खोली नाही. मुसलमानांना हव्या त्या वस्तीत घर मिळणे कठीण जाते, हे सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो की करार लेखी हवा, त्याची नोंदणी हवी, आणि ती जबाबदारी घरमालकाची. कराराच्या आधी फाटकाशी जो प्रश्न विचारला जातो, त्याविषयी तो काही सांगत नाही.

त्याच दुपारी फुफीने आपल्या मोहल्ल्यात दोन घरे दाखवली. इथे नावाचा प्रश्न नव्हता. पहिल्या घरी विचारले, “शौहर साथ नहीं रहेंगे?” शनिवारी येतील म्हटल्यावर त्या बाई फुफीकडे वळल्या, “जवान औरत अकेली, मोहल्ले में बातें होती हैं.” दुसऱ्या घरी तेच, फक्त शब्द गोड. मी शिक्षिका आहे, त्यांच्याच मुलांना शिकवायला आले आहे, याने काही फरक पडला नाही. सकाळच्या नकाराचे खापर फोडायला एक समाज तरी सापडला होता. दुपारच्या नकाराचे कुणावर फोडणार?

त्या रात्री फुफीच्या गच्चीवर झोप आली नाही. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट डोळ्यांपुढे आली. चांदूर बाजारला आमच्या घराची मागची खोली रिकामी होती. एक परिचारिका विचारायला आली. आरोग्य केंद्रात नवीन लागली होती, हातात प्लास्टिकची पिशवी, पायांवर धूळ. अब्बांनी आडनाव विचारले. ती बौद्ध होती. अब्बा आत येऊन अम्मीशी बोलले. अम्मी म्हणाली, “हमारे घर में रोज गोश्त पकता, उन को परेशानी होगी.” तिला गोश्त चालते की नाही, कुणी विचारलेच नाही. आणि नकार सांगायला मला पाठवले, कारण घरात चांगली मराठी मला येत होती. मी गोड आवाजात म्हणाले, “खोली दिली गेली हो ताई, कालच.” ती थँक्यू म्हणून निघून गेली. मीही तिला पाणी पाजले होते.

इस्लामने माणसामाणसांत भेद सांगितला नाही, असे आपण प्रत्येक व्यासपीठावरून सांगतो. मागच्या खोलीचे कुलूप मात्र आम्ही त्या शिकवणीच्या चावीने उघडले नाही.

चौथ्या दिवशी खोली मिळाली. एका पतसंस्थेतून निवृत्त झालेल्या बाई, एकट्याच राहतात. नाव सांगितले तर म्हणाल्या, “बरं. पन नळ चार-पाच दिवसांनी येते. टाकी भरून ठेवा लागन. जमन का?” मला इतके हसू आले की त्या घाबरल्या. पाण्याची अडचण सांगणारे घर मिळणे केवढे भाग्याचे असते, ते त्यांना कसे सांगणार? भाडे चार हजार, अकरा महिन्यांचा करार. दारावरच्या पाटीवर माझे पूर्ण नाव आहे. मुलीने ते मराठीत आणि उर्दूत लिहिले.

घर सोडताना मागच्या खोलीतले माझे सामान निघाले आणि ती पुन्हा रिकामी झाली. पुठ्ठ्यावर मीच मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘खोली भाड्याने देणे आहे’. अम्मीला सांगितले, नाव विचार, पण भाडे, वीज, पाणी सगळे सांगून झाल्यावर. त्या परिचारिकेचाही शोध घेतला. तिची बदली होऊन गेली होती. कुठे, ते कळले नाही. तिची माफी मागायची राहूनच गेली. ही पाने तिच्या हाती पडतील अशी आशा तेवढी आहे.

आता कुणी खोली पाहायला आले की अम्मी त्याला बाहेर खुर्ची देते, आत जाऊन मला फोन करते आणि हळू आवाजात म्हणते, “नाम ये बोल रहे. दे दूँ?”

मी म्हणते, दे. सध्या तिथे एक बौद्ध शिक्षक कुटुंबासह राहतात, अम्मी त्यांच्या बाळाला मालिश करून देते. ते गेल्यावर दुसरे कुणी येईल आणि अम्मीचा फोन पुन्हा येईल. तो फोन करावा असे तिला वाटूच नये, तेवढे अजून व्हायचे आहे.