विश्रांतीचे तास

वाचकहो, आमच्या मारतहळ्ळीला समुद्र नाही. बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहूनही अधिक उंचीवर वसलेले. येथे लाटा उसळतात त्या सकाळ-संध्याकाळ रिंगरोडवर, आणि त्याही वाहनांच्या. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने जहाजावरील एका दिवसाविषयी लिहावे, हे आपणांस काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु तो दिवस मला समुद्रापेक्षा घराविषयीच अधिक सांगून गेला, म्हणून हा प्रपंच.

मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सागरी सहली निघू लागल्या. अशाच एका सहलीला आम्ही चौघे निघालो: माझी आई, पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि मी. संध्याकाळी जहाजाने मुंबईचा किनारा सोडला. दुसरा संपूर्ण दिवस कोठलेही बंदर लागणार नव्हते. उतरायचे नाही, चढायचे नाही, कोठे पोहोचायचे नाही. असा रिकामा दिवस माणसाच्या वाट्याला क्वचितच येतो.

आईला बोटीचा प्रवास नवा नव्हता. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे कोकणातील जुन्या पिढीच्या ओठांवर अजून असतील. त्या काळी आई लहानपणी विजयदुर्गाहून मुंबईस बोटीनेच येई. बोट भर समुद्रात उभी राही आणि उतारू पडावांतून तिच्यापर्यंत जात. डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची, वळकट्या रचायच्या, फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि लोणचे सोडायचे. पुरुषमंडळी कठड्याशी गप्पा मारीत उभी राहत. बायका मात्र तेथेही वाढीत, मुलांना निजवीत, बोट लागलेल्यांना लिंबू देत. आई म्हणते, “आमचं स्वयंपाकघर आमच्याबरोबरच बोटीत चढायचं.”

या खेपेस ते चढले नव्हते. आई नेहमीप्रमाणे पाच वाजता उठली. स्नान झाले, स्तोत्र झाले, आणि पुढे काय करावे हे तिला सुचेना. दूध तापवायचे नव्हते, केर काढायचा नव्हता, डबे भरायचे नव्हते. आम्ही दोघे वरच्या डेकवर गेलो. जहाज दक्षिणेकडे चालले होते, त्यामुळे सूर्य डाव्या हाताला, न दिसणाऱ्या किनाऱ्याच्या बाजूने वर आला. आमच्या आधीच तेथे चार-पाच खलाशी डेक धूत होते. आई सूर्यापेक्षा त्यांच्याकडेच अधिक पाहत राहिली. “यांचा दिवस कधी सुरू झाला असेल रे?” तिने विचारले.

जसजसा दिवस चढला तसतसे मलाही दिसू लागले की, आमच्या निवांतपणाखाली केवढा राबता चालला आहे. जहाजाच्या सुकाणूवरील पहारा अखंड असतो. परंपरेने तो चार-चार तासांचा, दिवसातून दोनदा. बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा. खाली यंत्रे समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करीत असतात. कचऱ्याची विभागणी होते. कारण प्लास्टिकचा एक तुकडाही समुद्रात टाकण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनी बंदी आहे. आम्ही न्याहारी आटोपून परत येईपर्यंत खोली झाडूनपुसून, चादरी बदलून, टॉवेलाचा हत्ती करून बिछान्यावर ठेवलेला असे. मुलगी त्या हत्तीवर बेहद्द खूष होती.

जेवणघरात आईने सवयीने आमची उष्टी ताटे एकात एक रचायला घेतली. वाढपी धावत आला. तो सावंतवाडीकडचा निघाला. आईची बोली ऐकताच मालवणीत म्हणाला, “आजये, ऱ्हवांदे. तां माजां काम.” मग दोघांच्या गप्पा जमल्या. त्याची आई कोठे असते, भातशेती कोण पाहते, घरी बोलणे किती दिवसांनी होते, सारी चौकशी झाली. शेवटी आईने विचारले, “आणि बाळा, तुला बसायला कधी मिळतं?”

त्याने दिलेले उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. तो म्हणाला, “आमच्या बसण्याचे तास लिहून ठेवलेले असतात, आजये.”

वाचकहो, ही केवळ बोलण्याची रीत नव्हती. 2006 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने नाविकांच्या कामाविषयी एक करार संमत केला. भारताने तो 2015 साली स्वीकारला. त्यानुसार नाविकाला चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्याहत्तर तास विश्रांती मिळावी, असा एक दंडक आहे. त्या दहा तासांचे दोनहून अधिक तुकडे करता येत नाहीत, आणि एक तुकडा सलग सहा तासांचा असलाच पाहिजे. याची नोंद ठेवावी लागते आणि तीवर नाविकाचीही सही असते. म्हणजे दिवसाकाठी चौदा तास काम होऊ शकते. ते थोडे नव्हे. हा नियम उदार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु तो लिहिलेला आहे. थकलेला माणूस पहाऱ्यावर असला तर जहाजच धोक्यात येते, हे जगाने ओळखले आहे.

भाषांतराचे काम करताना शब्दांशी रोजच गाठ पडते. आपल्या घरांत ‘कामाचे तास’ ठाऊक आहेत. ते नोकरीवर जाणाऱ्यांचे. ‘विश्रांतीचे तास’ हा शब्द मात्र मी कोणत्याही घरात ऐकलेला नाही. गृहिणीला विश्रांती मिळते ती उरलेली. सर्वांचे सारे झाल्यावर उरलीच तर. 2019 साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात, आणि असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे, असे दिसून आले. यांत लहान मुले व आजारी माणसे यांची देखभाल धरलेली नाही. नोकरी करणारी स्त्री हे सारे नोकरीच्या आधी आणि नंतर करते. थकवा जहाजाला धोक्याचा, मग घराला नाही काय?

त्या दिवशी दुपारी जेवणानंतर आई डेकवरच्या खुर्चीत बसली. हातात निवडायला भाजी नाही, मांडीवर शिवण नाही. थोडा वेळ तिचे हात नुसतेच पदराशी चाळा करीत राहिले. मग तेही थांबले. अडीच तास ती झोपली. सत्तराव्या वर्षी मी तिला प्रथमच अशी भर दुपारी निर्धास्त झोपलेली पाहिले. पत्नी शेजारी पुस्तक उघडून बसली होती. तीन वाजता मुलीला भूक लागली, तेव्हा मी तिला घेऊन खाली गेलो. कोणालाही उठवले नाही.

घरी परतल्यावर आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावला. आईचे दुपारी दोन ते चार, पत्नीचे रात्री नऊनंतर. त्या वेळात चहा मागायचा नाही, ‘माझे अमुक कोठे आहे’ असे विचारायचे नाही. रात्रीची भांडी आणि सकाळचे डबे माझ्याकडे आले. नियम पहिल्यांदा मोडला तो आईनेच. तिच्या तासात ती गुपचूप लसूण सोलताना सापडली. मुलीने वाटी काढून घेतली आणि कागद पुढे केला, “आजी, आधी झोप. मग येथे सही कर.”

वाचकहो, आपल्याही घरी असा एक कागद लावून पाहावा. त्यावर सह्या कोणाच्या होतात, आणि कोणाच्या होत नाहीत, हे महिन्याभराने जरूर वाचावे.