अंकी आणि अक्षरी



सणसमारंभ, लग्नकार्ये आणि निधनाच्या वार्ता यांच्यामध्ये सरकारी दप्तराविषयीचा लेख कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. परंतु देश सोडून आलेल्या माणसाची ओळख निम्मी त्याच्या तोंडी आणि निम्मी कोणत्यातरी कचेरीच्या दप्तरात असते. आता ते दप्तर संगणकात गेले आहे. त्याचा आमच्या घरी आलेला अनुभव आणि त्यातून उमजलेले चार विचार येथे मांडीत आहे.

आरंभ माझ्या डी.एड.च्या दिवसांपासून करते. शालेय व्यवस्थापनाच्या तासाला आमच्या बाई जनरल रजिस्टरवर फार भर देत. विद्यार्थ्याचे नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस हे सर्व त्यात लिहावयाचे आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच द्यावयाचा. एका मुलाला दिलेला क्रमांक तो शाळा सोडून गेला तरी दुसऱ्याला द्यावयाचा नाही. चूक झाल्यास खाडाखोड करावयाची नाही. जुना शब्द वाचता येईल अशी एकच रेघ त्यावर मारून, वर तांबड्या शाईने शुद्ध शब्द लिहावयाचा आणि बाजूस मुख्याध्यापकांची तारखेसह सही घ्यावयाची. जन्मतारीख मात्र अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहावयाची. आम्हां मुलींना हा सारा वेळेचा अपव्यय वाटे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून एका मुलीची जन्मतारीख चुकली. पान खराब दिसू नये म्हणून मी ब्लेडने शाई हळूच खरवडली आणि त्या जागी नवी तारीख सुबक अक्षरांत लिहिली. मुख्याध्यापकांनी पान उजेडासमोर धरले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाई, पान स्वच्छ झाले, पण आता या मुलीची खरी तारीख कोणती हे तुम्ही सोडून कोणालाच ठाऊक नाही. उद्या तुम्ही येथे नसाल." त्यांनी मला झाल्या प्रकाराची टीप लिहावयास लावली आणि तिच्याखाली स्वतः सही केली. ती शरमेची दुपार मी विसरले होते. अमेरिकेत आल्यावर ती पुन्हा आठवली.

माझ्या सासूबाईंचा जन्म रेवदंड्याचा, सन १९४२ मधला. त्यांच्या जन्माची सरकारी नोंद सापडली नाही. प्राथमिक शाळेचा दाखला तेवढा होता. त्यावर जन्मतारीख अंकी ७-४-१९४२ अशी होती. आपल्याकडे दिवस आधी आणि महिना नंतर, म्हणून ती सात एप्रिल. अमेरिकेत महिना आधी लिहितात. पहिल्या कचेरीने तारीख बरोबर नोंदविली. पुढे दुसऱ्या एका कचेरीत (तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) ओळखपत्राचे नूतनीकरण होताना ती चार जुलै झाली. तेथील तरुण कारकुनाने तर हसून त्यांचे अभिनंदन केले, "आजी, तुम्ही आमच्या स्वातंत्र्यदिनी जन्मलात!" आम्हांला तो विनोद वाटला.

पुढे औषधोपचाराच्या एका सवलतीसाठी अर्ज केला तेव्हा दोन कचेऱ्यांच्या संगणकांनी एकमेकांशी पडताळा घेतला आणि अर्ज अडला. पडताळा घेतला हे योग्यच झाले. परंतु तारीख केव्हा बदलली, कोणी बदलली, कोणत्या कागदाच्या आधारे बदलली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या यंत्रात नव्हते. जुनी तारीख पुसून नवी बसली होती. माझ्या ब्लेडने केले होते तसेच. ज्या खिडकीवर जावे तेथे एकच उत्तर मिळे, "संगणकात असेच आहे." अकरा महिने आम्ही औषधांचा खर्च पदरचा केला. सासूबाई संतापून म्हणत, "जुलैत कोकणात केवढा पाऊस! माझी आई सांगायची, मी अनाशी ढाकाच्या सणात झाले, म्हणून. पेसाह कधी पावसाळ्यात येतो का गं?" त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. १९४२ साली पेसाहचा पहिला दिवस दोन एप्रिलला होता. परंतु आईची आठवण कोणत्या रकान्यात भरावयाची?

अखेरीस एका वयस्क अधिकारी बाईंनी मूळ कागदांची स्कॅन केलेली प्रत मागविली. ती सुदैवाने कोणी टाकून दिली नव्हती. दाखल्यावर अंकांच्या पुढे त्या जुन्या मास्तरांच्या वळणदार हस्ताक्षरात लिहिलेले होते: 'सात एप्रिल एकोणीसशे बेचाळीस'. सोबत त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर होते. बाईंनी तारीख सुधारली आणि खाली शेरा लिहिला: पूर्वीची तारीख, नवी तारीख, कारण, आधार, स्वतःचे नाव व दिनांक. ही त्यांची तांबडी शाईच होती. अर्ज मंजूर झाला.

तेव्हापासून मी या विषयाची माहिती मिळेल तेथून वाचू लागले. एक गोष्ट प्रथम ध्यानात आली. संगणकातील नोंद कागदापेक्षा आपोआप विश्वसनीय होत नाही. कागदावरील खरवड उजेडात दिसते. संगणकातील खरवड दिसत नाही. म्हणून तेथे प्रत्येक बदलाचा इतिहास आपोआप जतन होईल अशी रचना मुद्दाम करावी लागते.

या देशातील न्यायालयासमोरही हा प्रश्न येऊन गेला आहे. जानेवारी १९८९ मध्ये, अध्यक्ष रेगन यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या दिवसांत, व्हाइट हाउसमधील 'प्रॉफ्स' या ई-मेल यंत्रणेच्या टेपा पुसल्या जाणार होत्या. पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि 'नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह' ही संस्था यांनी त्याविरुद्ध दावा लावला. महत्त्वाचे संदेश कागदावर छापून ठेवले की मूळ पुसण्यास हरकत नाही, असे सरकारचे म्हणणे होते. १९९३ साली अपील न्यायालयाने ते अमान्य केले. छापील कागदावर मजकूर येतो. परंतु तो कोणी, कोणाकोणाला, कोणत्या वेळी पाठविला आणि केव्हा मिळाला, ही सर्व माहिती येतेच असे नाही. हिला आज मेटाडेटा म्हणतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर नोंदीविषयीची नोंद. दाखल्यावरचा शिक्का, जावक क्रमांक आणि सही काढून टाकली तर उरलेल्या मजकुराला दाखला कोण म्हणेल?

दुसरा धडा एकाच प्रतीवर विसंबण्याचा. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील लष्करी सेवेच्या दप्तरखान्यास आग लागली. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख व्यक्तींच्या फायली नष्ट झाल्या. त्यांच्या दुय्यम प्रती नव्हत्या आणि मायक्रोफिल्मही काढलेली नव्हती. वृद्ध सैनिकांना आपण सैन्यात होतो हे सिद्ध करण्यासाठी धडपडावे लागले. इतर कचेऱ्यांतील पगारपत्रके आणि उपचारांच्या नोंदी जुळवून त्यांची सेवा पुन्हा कागदावर आणण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे चालले. आपल्या मुंबईतही २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, तेव्हा माणसे दगावली आणि फायलींचे ढीग भस्मसात झाले. संगणकाने हे भय कमी केले आहे, परंतु प्रती दूरच्या निराळ्या गावी ठेवल्या असतील आणि त्या खरोखर उघडतात हे अधूनमधून पाहिले जात असेल तरच.

आग लागली नाही तरी नोंद मरते. अपोलो ११ च्या चंद्रावतरणाची मूळ दूरमापन-संकेतांची टेप बहुधा पुसून पुन्हा वापरली गेली, असे नासाने २००९ साली जाहीर केले. त्या काळी कोऱ्या टेपांची टंचाई होती. म्हणजे चोरी नव्हे, दुष्टावा नव्हे, नुसती काटकसर! कोणती वस्तू कायम ठेवावयाची आणि कोणती किती वर्षांनी काढावयाची, याची यादी आधी ठरलेली असावी आणि ती कारकुनाच्या किंवा टंचाईच्या मर्जीवर नसावी, हे यावरून कळते. शाळेतही हजेरीपट काही काळाने काढून टाकता येतो, जनरल रजिस्टर मात्र कधीच नाही. फायलीचे रूपही महत्त्वाचे. वीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी आज किती घरांत उघडते? म्हणून एकाच कंपनीच्या यंत्रावर अवलंबून नसलेले, सर्वांना ठाऊक असलेले फायलींचे प्रकार वापरावे लागतात आणि काळ बदलला की नोंदी नव्या रूपात हलवाव्या लागतात.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१९ साली आपल्या सर्व खात्यांना कायमस्वरूपी नोंदी विद्युत स्वरूपात ठेवण्याचा आदेश दिला. त्याची मुदत वाढवून ३० जून २०२४ करण्यात आली. आता काही अपवाद वगळता नॅशनल आर्काइव्हज कायमच्या नोंदी मेटाडेटासह विद्युत स्वरूपातच स्वीकारते. एक प्रत दुसरीशी तंतोतंत जुळते की नाही हे पाहण्यासाठी संगणक फाईलमधील मजकुरावरून एक आकडा काढतो. एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी तो आकडा बदलतो. त्याला चेकसम म्हणतात. हे वाचून मला आपल्या प्राचीन लेखकांची आठवण झाली. तोराची अक्षरे मोजून ठेवणाऱ्यांना यंत्र ठाऊक नव्हते. परंतु नक्कल करणाऱ्याचा हात कितीही भाविक असला तरी तो चुकू शकतो, हे त्यांना ठाऊक होते.

मात्र चेकसम एवढेच सांगतो की नक्कल मूळाप्रमाणे आहे. मूळच चुकीचे असेल तर चूकही तंतोतंत जतन होते. सासूबाईंची चार जुलै ही तारीख कितीही ठिकाणी सुरक्षित ठेवली असती तरी ती चारच जुलै राहिली असती. या रोगावर महाराष्ट्रात केलेला एक उपाय मला फार आवडला. सातबाराचे उतारे संगणकात भरल्यावर त्यांत चुका आढळल्या, तेव्हा गावोगाव चावडीवाचन ठेवून संगणकातील नोंदी गावकऱ्यांना मोठ्याने वाचून दाखविण्यात आल्या. ज्याची जमीन तो समोर उभा. चूक असेल तर तेथेच सांगेल. ज्याच्याविषयी नोंद आहे त्याला ती दाखविणे हाच तिचा सर्वांत मोठा पडताळा होय.

अमेरिकेत चावडी नाही, पण कायदा आहे. १९७४ च्या प्रायव्हसी ॲक्टप्रमाणे नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांना केंद्रीय खात्यांतील स्वतःविषयीची नोंद पाहण्याचा व ती दुरुस्त करून मागण्याचा हक्क आहे. आपल्या समाजाने तो अवश्य वापरावा. आपल्यात कोणी वडिलांचे नाव आडनाव म्हणून लावतो, तर त्याचाच भाऊ गावावरून पेणकर, रोहेकर किंवा नवगावकर लावतो. लग्नानंतर स्त्रियांची नावे बदलतात. तीन रकान्यांच्या यंत्राला हे कसे कळावे? म्हणून प्रत्येक अर्जावर पूर्वीची सर्व नावे लिहावीत, तारखेचा महिना अक्षरांत लिहावा आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःजवळ, शिवाय दुसऱ्या घरी एक, अशी ठेवावी. आणि कोणी म्हणाले, "संगणकात असेच आहे," तर नम्रपणे विचारावे, "ते तेथे कोणत्या कागदावरून आले?"

हे कष्ट आपल्यापुरतेच नाहीत. येथे स्थलांतरितांच्या ज्या 'ए-फाईल्स' असतात त्या २००९ पासून कायमस्वरूपी नोंदी ठरल्या असून, माणसाच्या जन्माला शंभर वर्षे झाल्यावर त्या नॅशनल आर्काइव्हजकडे जाण्यास पात्र होतात. सासूबाईंची फाईल २०४२ साली तशी पात्र होईल. आमचे नातू-पणतू, ज्यांना मराठी येईल की नाही देव जाणे, ती उघडतील. त्यांना आमच्याविषयी जे कळेल ते बहुतांशी त्या पानांवरूनच.

गेल्या पेसाहला जेवणे झाल्यावर नातीने आजींना त्यांचा वाढदिवस विचारला. सासूबाईंनी कपाटातून दाखल्याची प्रत आणावयास सांगितली आणि अक्षरावर बोट ठेवून तिच्याकडून वाचून घेतले, सा-त ए-प्रि-ल. ती अडखळत वाचत होती; मी शिक्षिका असूनही तिला मध्येच दुरुस्त केले नाही.