गुरू-शनीचं जुळलं, पण कॅमेऱ्याचं?

बारा महिन्यांच्या ईएमआयवर घेतलेला डीएसएलआर गळ्यात अडकवून मी घरी आलो, तेव्हा मला एकच खात्री होती : महाग आहे म्हणजे चालणारच! दुर्बीण आधीपासून होती. 130 मिलिमीटरच्या आरशाची, 650 मिलिमीटर फोकल लेंग्थची. दुकानदार म्हणाला होता, "टी-रिंग लावा, कुठल्याही दुर्बिणीला बसेल." बसला की! पण बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं. स्थळं बघणाऱ्यांना हे मी वेगळं सांगायला नको.

गोष्ट डिसेंबर 2020 ची. 21 तारखेच्या संध्याकाळी गुरू आणि शनी आकाशात एका अंशाच्या दहाव्या भागाइतके जवळ दिसणार होते. म्हणजे मधे पूर्ण चंद्राचा जेमतेम पाचवा हिस्सा मावेल एवढीच जागा. इतके जवळ ते 1623 नंतर पहिल्यांदाच येत होते. पुढची अशी भेट थेट 2080 मध्ये. तेव्हा मी नव्वदीला टेकलेलो असेन. आणि बाबा... जाऊ दे.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लॉकडाऊनमुळे ऑपरेशन लांबलेलं. आयपीसला डोळा लावला की नुसता धुरकट उजेड. 1997 साली याच माणसानं मला खांद्यावर बसवून हेल-बॉप धूमकेतू दाखवला होता. आता त्यांना शनी दाखवायचा तर लॅपटॉपवर, मोठ्ठा करून. सगळा खटाटोप त्यासाठी.

19 तारखेला चंद्रावर ट्रायल घेतली. फोकसर आत, आणखी आत, पार आत... तरी स्क्रीनवर पांढरा गोळा! कॅमेरा खराब? दुर्बीण खराब? रात्री दहा वाजता एका हौशी मित्राला फोन लावला. तो हसला. "अरे, सेन्सर कुठंय बघ ना!"

माझ्या कॅमेऱ्यात सेन्सर टी-रिंगच्या तोंडापासून 55 मिलिमीटर मागे. आणि आरशाच्या छोट्या दुर्बिणीत प्रतिमा फोकसरच्या जरासीच बाहेर तयार होते. आयपीसला ते पुरतं, डीएसएलआरला नाही. ग्रहांसाठी मिळणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर नाकाच्या टोकाशीच असतो. ते आयपीसच्या जागी सरळ बसतात आणि बऱ्याचदा डीएसएलआरपेक्षा स्वस्तही पडतात. च्यायला!

उपाय मात्र घरातच होता. दुर्बिणीच्या खोक्यात न वापरलेली 2एक्स बार्लो लेन्स पडली होती. ती फोकस बाहेर ढकलते आणि फोकल लेंग्थही दुप्पट करते. कॅमेरा तिच्या बराच मागे असल्यामुळे आमची दुपटीच्याही थोडी वर गेली.

21 ला संध्याकाळी गच्चीवर दोघंच. सूर्यास्तानंतर हातात जेमतेम दोन तास. कॅमेऱ्याच्या वजनानं नळी खाली झुकायची, ती मागेपुढे सरकवून तोल साधला. बटण दाबताना हादरा बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. आणि फ्रेममध्ये दोघं एकदम! गुरू जेमतेम पन्नास-साठ पिक्सेलचा, शनी तेवढाच इवलासा. जरा जास्त एक्स्पोजर दिल्यावर गुरूचे चंद्रही ओळीत आले.

बाबा लॅपटॉपला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "याला कान आहेत रे."

"कान नाही बाबा, कडी."

"कळतं मला. दिसले, एवढंच सांगतोय."

2021 मध्ये त्यांचं ऑपरेशन झालं. त्याआधी डॉक्टरांनी मशिननं डोळ्याची लांबी मोजली, बुबुळाचा बाक मोजला आणि त्यावरून आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढला. बाबांनी सगळं नीट विचारून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"बघ. हे लोक आधी मोजतात, मग विकत घेतात."