गाळातला हात

आमच्या गावी, अंत्रुज महालात, चतुर्थीचा गणपती चित्रशाळेतून येई तो चिकणमातीचा. माटोळीखाली दीड दिवस विराजमान होऊन तो तळीत उतरला, की थोड्याच वेळात विरघळून जाई. वडील त्याच जागची मूठभर माती रिकाम्या पाटावर घेऊन घरी येत आणि भाताच्या कणगीत टाकीत. बालपणी मला यात काही विशेष वाटले नव्हते.

नोकरीनिमित्त १९७६ साली मी भोपाळास आलो आणि येथला मोठा तलाव पाहिला. अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीला मातीचा बांध घालून तो निर्माण केला, असे सांगतात. पूर्ण भरला म्हणजे सुमारे ३१ चौरस किलोमीटरांवर त्याचे पाणी पसरते. याच्यापुढे इतर तलाव म्हणजे डबकी, असे भोपाळकर अभिमानाने म्हणतात. समुद्राजवळ वाढलेल्या माणसालाही ते मुकाट्याने मान्य करावे लागते. २००२ साली रामसर करारान्वये त्याला जागतिक महत्त्वही प्राप्त झाले. परंतु हे केवळ प्रेक्षणीय पाणी नव्हे. शहराच्या मोठ्या भागातील नळांना हेच पाणी येते. आमच्या देवघरातील कलशातही तेच.

१९८४ च्या डिसेंबरातील ती रात्र मी याच शहरात काढली. तिच्याविषयी येथे लिहीत नाही. पुढे युनियन कार्बाइडच्या आवारात विषारी कचरा पडूनच राहिला, भोवतालच्या वस्त्यांचे भूजल नासले, आणि त्या लोकांना शुद्ध पाणी द्यावे असे २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. साठवलेला ३३७ टन कचरा पिथमपुरास नेऊन जाळला गेला तो २०२५ साली. चाळीस वर्षे! एवढे पाहिल्यावर माणसाला एक प्रकारचे निर्दोषपण चिकटते. पाणी नासवणारे ते, सोसणारे आपण. मीही असेच समजत होतो.

पावसाने दगा दिल्यामुळे २००९ च्या उन्हाळ्यात तलाव विलक्षण आटला. नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागले. गाळ उपसण्यासाठी नागरिकांचे श्रमदान सुरू झाले, तेव्हा एका रविवारी मीही फावडे घेऊन गेलो. पाय भाजावेत अशा भेगाळलेल्या गाळात फावड्याला काहीतरी कठीण लागले. उचलून पाहतो तो एक हात. कोपरापाशी तुटलेला, अभय देणारा. तळव्यावर लाल स्वस्तिकाची पुसट खूण. प्लास्टरचा होता.

कित्येक वर्षे मीही तसलीच मूर्ती आणीत होतो. वजनाला हलकी, दिसायला झगझगीत, आणि खरे सांगायचे तर स्वस्त. शीतलदासच्या बगियेच्या घाटावर तिला निरोप दिला, की मागे वळून पाहण्याचे कारण नसे. तो हात माझ्याच गणपतीचा होता असे नव्हे. नव्हता असेही म्हणवेना. प्लास्टर पाण्यात मातीसारखे विरत नाही. भिजून घट्ट झाले की पुन्हा जिप्समच होते आणि महिनोन् महिने तळाशी पडून राहते. वरच्या रासायनिक रंगांतून शिशासारखे जड धातू पाण्यात उतरू शकतात. मूर्तिविसर्जनाविषयी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे आली ती २०१० साली, आणि प्लास्टरच्या मूर्तींना मनाई झाली ती २०२० च्या सुधारित तत्त्वांत. पण मनाई नव्हती म्हणून मी आणीत होतो, हे काही उत्तर नव्हे. कारखान्याच्या पापाशी याची तुलना करणे हा मृतांचा अपमान ठरेल. तशी तुलना मी करीत नाही. एवढेच, की त्या दिवसानंतर ते निर्दोषपण मला पुन्हा पांघरता आले नाही.

त्या वर्षी मी मातीची मूर्ती शोधून आणली आणि घरीच विसर्जन करण्याचे ठरवले. आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिने बादलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"देवाक बालदेंत बुडयतलो तूं?"

मी तिला गाळातला हात दाखवला. तिने तो पदराने पुसला आणि पुष्कळ वेळ मांडीवर ठेवला. बोलली काहीच नाही. आरती झाली, मूर्ती बादलीत उतरली, आणि आई शेजारी पाट मांडून बसली. संध्याकाळपर्यंत पाण्यात नुसता गढूळपणा उरला. पाणी जास्वंदीला घालण्यापूर्वी तिने मला थांबवले, बादलीत हात घालून तळाची मूठभर माती काढली आणि स्वयंपाकघरातील तांदळाच्या डब्यापाशी ठेवली; वाळल्यावर चिमूटभर आत टाकण्यासाठी.

आई आता नाही. तो प्लास्टरचा हात मात्र अजून माझ्या कपाटात आहे. त्याचे विसर्जन कोठे करावे, ते मला अद्याप सुचलेले नाही.